आठवा नमुना

"कुणी हात लावला याला?"

आर्लिस ट्वेट एवढ्या मोठ्यानं ओरडली की चर्चच्या तळघरात रजया शिवत बसलेल्या बायांच्या सुया जागच्या जागी थांबल्या. तळघराच्या खिडक्या जमिनीलगत होत्या. तिथून सात-आठ चष्मे वर बघायला लागले. अंगणात आर्लिस कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्यासमोर नॉर्बीच्या लुथरन चर्चचा हापसा. मार्चमध्ये ती पाण्याचा नमुना घ्यायला आली तेव्हा तो गंजानं लालभडक होता. आज नव्या सुरीसारखा चकाकत होता. दांडा चकाकत होता, तोंड चकाकत होतं. सत्तावीस वर्षं त्याच्या गळ्यात पडलेली साखळीसुद्धा कुणीतरी घासून लखलखीत केली होती.

चकाकण्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार वासाबद्दल होती. गोडसर, गारेगार, नाकात शिरला की क्षणभर डोकं हलकं करणारा वास. हा वास तिनं झोपेतही ओळखला असता. एकोणिसाव्या वर्षी ती नौदलाच्या तोफांच्या कारखान्यात लागली, तेव्हापासून तो तिच्या केसांत होता. समुद्र अमेरिकेच्या या मधल्या भागापासून हजार मैल लांब, पण नौदलाच्या तोफा बनायच्या नॉर्बीत, कारण एवढ्या आत शत्रू येणार नाही असं कुणा शहाण्यानं ठरवलं होतं. शत्रू आला नाहीच. त्याचं काम आम्हीच केलं, असं आर्लिस म्हणायची. तोफांच्या नळ्यांवरचं ग्रीस काढायला ट्रायक्लोर नावाचं औषध असे. नळी त्यात बुचकळली की आरशासारखी होऊन बाहेर यायची. औषध काळं झालं की दर शुक्रवारी ते मागच्या खड्ड्यात जायचं. खड्डा वाळूचा. वाळूखाली पाणी. पाण्यावर नॉर्बी.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीत सरकारी माणसं आली, हापशाला साखळी घातली, लाल पाटी लावली. कारखान्याची जमीन सैन्याची होती. सैन्यानं पुढं जो अहवाल छापला त्यात लिहिलं, अमुक इतकं औषध जमिनीत "सांडलं". सांडतं ते दूध. लेकराच्या हातून सांडतं. सहा वर्षं दर शुक्रवारी घड्याळ लावून जे होतं त्याला सांडणं म्हणत नाहीत. पण विष ओतणाऱ्यापेक्षा शब्द निवडणाऱ्याला पगार जास्त असतो.

"कसा दिसतोय?"

चर्चच्या पायरीवरून वेंडेल हॅगलंड उतरत होता. वय शहाऐंशी, डोक्यावर कारखान्याची जुनी टोपी, चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानाचं हसू. आर्लिस कारखान्यात होती तेव्हा तो तिच्या शिफ्टचा मुकादम होता. अजूनही ती त्याला मुकादमच म्हणायची.

"मुकादम, तुम्ही केलंत हे?"

"पहाटे पाचला आलो. तू म्हणालीस ना, आज शेवटचा नमुना. म्हटलं, सत्तावीस वर्षांनी सुटतोय बिचारा, अंघोळ तरी घालू."

"कशानं घातलीत अंघोळ?"

"आधी तारेच्या घासणीनं. मग वरचं झाकण खोललं, दांडी काढली, चामड्याचा वायसर काढला. घाण झाला होता गं. बुचकळला आणि बसवला परत."

"कशात बुचकळला?"

वेंडेलचं हसू तसंच होतं, फक्त कडा ढिल्या झाल्या. "आपल्या त्याच्यात. गॅरेजात एक कॉफीचा डबा होता. कारखान्यातनं आणलेला. सगळ्यांकडं होता, पोरी. तुझ्या बापाकडंही होता."

होताच. नॉर्बीत एक गॅरेज असं नव्हतं जिथं तो डबा नव्हता. सायकलची साखळी, शिवणयंत्र, लग्नाच्या कोटावरचा डाग, सगळ्याला तेच औषध. विहीर विषातून सुटतेय या आनंदात ती त्याच विषानं घासून काढायची, हे नॉर्बीच्याच माणसाला सुचावं. दुसऱ्या गावचा माणूस साबण वापरतो.

आर्लिस हापशापासून दोन पावलं मागं सरली आणि तिनं गाडीच्या मागच्या फळीवर बसून घेतलं. रडावं का हसावं ते तिला कळेना. सलग आठ नमुने स्वच्छ आले तर साखळी निघणार, असा नियम होता. दर तीन महिन्यांनी एक. सात आले होते. एक नमुना चुकला किंवा बिघडला की मोजणी पुन्हा एकपासून, म्हणजे अजून दोन वर्षं. आज जूनची तीस तारीख, तिमाहीचा शेवटचा दिवस. प्रयोगशाळेची गाडी चारला निघायची. आणि ही विहीर तिनं मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी ठेवली होती, कारण गोड शेवटी खावं. मूर्ख बाई, ती स्वतःला म्हणाली.

"काय बिघडलंय का?" वेंडेलनं विचारलं. मग त्यानं हापशाकडं पाहिलं, स्वतःच्या हातांकडं पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं. टोपी काढून तो उभा राहिला. "अरे देवा. आर्लिस. दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"मला नाहीत दोन वर्षं."

हे त्यानं कीव यावी म्हणून म्हटलं नव्हतं. दुकानात हवी ती वस्तू शिल्लक नाही असं सांगावं तसं म्हटलं होतं. त्याचं काळीज पंचवीस टक्क्यांवर चालतंय हे सगळ्या गावाला माहीत होतं, कारण तोच सगळ्यांना सांगायचा.

तिनं कंपनीत फोन लावला. पाणी उपसून शुद्ध करण्याचं कंत्राट ज्या कंपनीकडं होतं तिचा साहेब क्रेग, वय चौतीस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मागं निरीक्षणाची विहीर आहे ना? वीस फुटांवर. तिच्यातनं भर. पाणी तेच आहे. कुपीवर नाव हापशाचं टाक. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"आर्लिस, मी तुझ्या गावाच्याच भल्याचं सांगतोय."

"क्रेग, चाळीस वर्षांपूर्वी इथं कुणी बघत नव्हतं, म्हणूनच आज तुला नोकरी आहे. मलाही आहे. पण नियमांच्या पुस्तकात एकतिसावं पान आहे. साधन खराब झालं तर धुवा, विहीर उपसा, जे झालं ते जसंच्या तसं लिहा, मग नमुना घ्या. ठरवू दे सरकारला. मी लिहिणार आहे."

"सगळं?"

"सगळं."

क्रेगनं सुस्कारा सोडला. तो वाईट माणूस नव्हता. सोपा माणूस होता, आणि जगातली निम्मी घाण सोप्या माणसांनीच केलेली असते. "चारच्या आत," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

तोवर रजईवाल्या बाया वर आल्या होत्या. पुढं लव्हॉन स्क्राम्सटाड, एकोणऐंशी वर्षांची, चर्चच्या स्वयंपाकघराची मालकीण. पाद्रीसुद्धा तिला विचारल्याशिवाय चमचा उचलत नसे. कॉफीला जमलेले चार-पाच म्हातारे मागं उभे होते आणि गडबड कसली ते पाहायला पाद्री डेलही आला होता. आर्लिसनं मांडीवर नोंदवही उघडली. तारीख, वेळ दहा चाळीस.

"माझं नाव लिही," वेंडेल म्हणाला.

"लिहिलंय."

"काय लिहिलंस वाच."

"‘वेंडेल हॅगलंड यांनी आज पहाटे हापसा आणि त्याचा वायसर ट्रायक्लोरनं साफ केला.’"

"आणि?"

"आणि काय?"

"आणि खड्ड्याचं."

खड्ड्याचं कुणी बोलत नसे. चौऱ्याऐंशीत सरकारी माणसं दारोदार फिरली होती, कुणी ओतलं, कुठं, किती. सगळी नॉर्बी म्हणाली होती, आम्हाला काय ठाऊक. कारखान्यानं भाकरी दिली होती. भाकरीवर बोट ठेवणारं गाव अजून जन्मायचंय.

"वेंडेल, बसा सावलीत," लव्हॉन म्हणाली. "ऊन लागलंय तुम्हाला."

"ऊन नाही लागलं. डोकं शाबूत आहे माझं." त्यानं टोपी दोन्ही हातांत धरली होती. "एकाहत्तर ते सत्याहत्तर. दर शुक्रवारी, साडेतीनला, मागच्या दारानं. दोन पिंपं, कधी तीन. मी सांगायचो, पोरं ओतायची. ही पण ओतायची. वास येतो म्हणाली होती एकदा. मी म्हणालो, वाळू सगळं पिते, पोरी, तू ओत. सांगणारा मी होतो. कागदात सांडलं म्हणून आहे. सांडलं नव्हतं. लिही."

आर्लिसनं लिहिलं. तो दिवस तिला आठवत होता. पिंपाच्या नळीचं तोंड तिच्या हातात होतं आणि वाळू खरोखर पीत होती, तहानल्यासारखी, फस्स करत. कारखाना सोडल्यावर ती रात्रीच्या वर्गांना गेली, रसायनांची पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचली आणि याच पाण्याच्या कुप्या भरायची नोकरी तिनं मागून घेतली. भाऊ हसले होते. ओतणारीच आता उपसणार म्हणे! बावीस वर्षं ती उपसत होती. आठ मोठे पंप रात्रंदिवस पाणी वर ओढत, उंच मनोऱ्यावरून ते खाली पडे, खालून वारा घुसे आणि विष काढून घेई. सैन्याचे अधिकारी दर तीन वर्षांनी बदलले. पंप आणि आर्लिस बदलले नाहीत. या सगळ्या वर्षांत मुकादम तिला रोज भेटला, हवामानाबद्दल बोलला, आणि हे एक वाक्य दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसलेलं असायचं.

"ओतलं" या शब्दाखाली रेघ मारावी असं तिला वाटलं. तिनं मारली नाही. नोंदवहीत रेघा मारत नाहीत.

"सही करा," ती म्हणाली.

त्यानं केली, पूर्ण नावानिशी.

"झालं ना लिहून?" लव्हॉननं पदराला पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसले. "मग पाणी तापत टाकू का नको? घड्याळ थांबलंय का कुणासाठी?"

आणि मग जे सुरू झालं त्याला काम म्हणायचं की जत्रा, हे आर्लिसला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. कॉफीची तिन्ही मोठी भांडी चुलीवर चढली. पाणी बाटल्यांतलं, जे सैन्य दर महिन्याला चर्चला पाठवायचं. "सैन्याचं पाप सैन्याच्या पाण्यानं," लव्हॉन म्हणाली. आर्लिसनं नवे हातमोजे चढवले, हापसा सांधा-सांधा सुटा केला आणि प्रत्येक तुकडा साबणानं, मग उकळत्या पाण्यानं, मग पुन्हा साबणानं धुतला. वेंडेल मदतीला सरसावला तशी ती खेकसली, "लांब! तुमच्या हातांना अजून वास आहे. त्या खुर्चीवर बसायचं आणि काही म्हणजे काही घासायचं नाही."

"इतकी वर्षं मी हिला ओरडलो," वेंडेल म्हाताऱ्यांना म्हणाला. "व्याजासकट घेतेय."

अडचण आली वायसरची. जुना चामड्याचा, औषध पिऊन बसलेला. कितीही धुतला तरी कामाचा नाही. नवा आणायचा तर शहरात, दोन तास जाऊन-येऊन. लव्हॉननं जमलेल्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती पाद्री डेलच्या पोटाशी येऊन थांबली.

"पाद्रीबाबा, पट्टा चामड्याचा आहे का हो?"

"आहे. पण का?"

"कारखान्यात कधी काम केलंय? गॅरेजात डबा आहे?"

"मी आयोवाचा आहे."

"देवच पावला. काढा."

भाजी कापायच्या फळीवर पाद्रीचा पट्टा ठेवून आर्लिसनं त्यातून मधोमध भोक असलेली गोल चकती कापली, ती तीनदा उकळली, पाण्यात मऊ केली आणि दांडीवर चढवली. पाद्री उरलेला दिवस एका हातानं विजार धरून हिंडला. हापशावर आशीर्वाद म्हणताना त्यानं सवयीनं दोन्ही हात वर केले आणि लगेच एक खाली घेतला. रजईवाल्या बायांनी माना खाली घातल्या, पण त्या प्रार्थनेसाठी नव्हत्या.

आता उपसा. उपसलेलं पाणी जमिनीवर सोडायचं नव्हतं. गाडीवरची दोन निळी पिंपं भरायची होती, म्हणजे बाराशे तरी हापसे. आर्लिसनं कुलूप काढलं, साखळी बाजूला टाकली. पहिल्या ऐंशी हापशांना नुसतीच हवा फुसफुसली. मग आतून काहीतरी घसा खाकरल्यासारखं वाजलं आणि पाणी आलं.

"आलं गं बाई!"

"ओरडू नका, मोजा!"

मोजायचं काम वेंडेलकडं दिलं होतं, कारण त्याला दुसरं काही करू देणं धोक्याचं होतं. म्हातारे पन्नासाच्या वर टिकेनात. बाया शंभर-शंभर मारून जात. लव्हॉननं बांगड्या काढल्यागत घड्याळ काढून ठेवलं, एकशे चाळीस हापसे मारले आणि मग म्हाताऱ्यांकडं वळून म्हणाली, "कॉफी कपात ओतून देऊ, का तेवढं जमेल?" रुबार्बच्या वड्यांचं ताट फिरत होतं. कुणीतरी बटाट्याचा गरम हॉटडिश बाहेर आणला. एकजण नॉर्वेजियन आकडे म्हणून दाखवायला लागला आणि वेंडेलची मोजणी चुकली.

"सातशे एक्याऐंशी, सातशे ब्याऐंशी, नऊशे..."

"मुकादम!"

"काय?"

"शंभर खाल्ले तुम्ही!"

"मी तर ओळीनं..."

"सवयच आहे यांना मधलं गाळून सांगायची," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यात मोठ्यानं वेंडेल हसला. खोकला येईपर्यंत हसला. ज्या गोष्टीवर चाळीस वर्षं कुणी बोललं नव्हतं, तिच्यावर विनोद होऊ शकतो हे नॉर्बीला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं.

तीनला दहा कमी असताना दुसरं पिंप काठोकाठ भरलं. आर्लिसनं हातमोजे बदलले. करंगळीएवढी काचेची कुपी, तिच्यात पाणी असं भरायचं की तोंडावर फुगीर थेंब उभा राहिला पाहिजे, मग झाकण. आत हवेचा बुडबुडा राहिला तर विष त्यात लपतं आणि नमुना खोटा ठरतो. तिनं कुपी उलटी केली, नखानं टिचकी मारली, उजेडात धरली.

"आहे का?" लव्हॉन कुजबुजली.

"नाही."

तशा तीन कुप्या. बर्फाच्या पेटीत. चारला पाच कमी असताना गाडी आली आणि पेटी गेली.

निकाल अकरा दिवसांनी आला. कागदावर एक रकाना, त्यात दोन शब्द: आढळलं नाही. सोबत सरकारी बाईचं पत्र होतं. नोंदवहीचं पान पूर्ण वाचलं, नमुना ग्राह्य धरला आहे, आणि खड्ड्याबद्दलची नोंद मूळ अहवालाला जोडली आहे. आर्लिस ते घेऊन वेंडेलच्या घरी गेली. तो ओट्यावर बसून टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता. त्यानं कागद दोनदा वाचला.

"वाईट नाही," तो म्हणाला.

नॉर्बीत याहून मोठी स्तुती नसते. पोरगं पहिलं आलं तरी वाईट नाही, लग्न ठरलं तरी वाईट नाही. ती शेजारी बसली आणि तिनं काठ्या धरल्या. या वेळी दोघांच्या मध्ये काही बसलेलं नव्हतं.

साखळी सप्टेंबरातल्या एका रविवारी निघाली. सैन्यानं एक कर्नल पाठवला. तो अकरा मिनिटं बोलला. सहकार्य, भागीदारी, वारसा. "येथे काही रसायन सांडलं होतं," असं तो म्हणाला मात्र, दुसऱ्या रांगेतून आवाज आला.

"ओतलं!"

कर्नलनं मान वर केली. वेंडेल हॅगलंड खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला होता. "ओतलं म्हणा, साहेब. मीच होतो. सही आहे माझी." आणि अख्ख्या नॉर्बीनं, जिनं चर्चच्या अंगणात कधी आवाज चढवला नव्हता, टाळ्या वाजवल्या. कर्नल लाल झाला, कागदात बघू लागला, पण कागदात तो शब्द नव्हता. शेवटी त्यानं कागद घडी घालून खिशात टाकला आणि म्हणाला, "ओतलं होतं." अकरा मिनिटांतलं तेवढं एक वाक्य लोकांनी लक्षात ठेवलं.

मग रांग लागली. तपेल्या, बरण्या, दुधाचे कॅन, एका पोरीच्या हातात नुसतीच बाहुलीची किटली. पहिल्या घोटाचा मान वेंडेलचा, असं लव्हॉननं जाहीर केलं. त्यानं ऐकलं नाही. त्यानं कोट काढून कुंपणावर टाकला, बाह्या दुमडल्या, दांडा धरला आणि हापसायला लागला. लोकांनी भांडी पुढं करायची, त्यानं भरून द्यायची. डॉक्टरचं नाव घेऊन झालं, देवाचं नाव घेऊन झालं. तो दांडा सोडेना. प्रत्येकाच्या भांड्यात तो डोकावून बघायचा, भरलं का, आणि मगच पुढच्याला हात करायचा. विसाव्या माणसाला त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तिसाव्याला तो थांबून थांबून हापसत होता, पण हापसत होता.

आर्लिस रांगेत शेवटी उभी होती. तिला पुढं ढकलायला बघणाऱ्यांना तिनं दोनदा झटकलं होतं. तिचा नंबर आला तेव्हा अंगण जवळजवळ रिकामं झालं होतं, आणि वेंडेलच्या हातून दांडा खाली येत होता, वर जात नव्हता.

"सरका, मुकादम," ती म्हणाली.

"तुझं भांडं कुठाय?"

"सरका म्हटलं ना."

तिनं दांडा हातात घेतला. तो बाजूला झाला आणि काय करायचं ते न कळून तसाच उभा राहिला. ती हापसू लागली. पाणी तोंडातून जाड धारेनं पडायला लागलं तेव्हा तो वाकला, एका हातानं गुडघा धरून, मग त्यानं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तोंड लावलं. कोपरांवरून पाणी त्याच्या बाह्यांत, बुटांत जात होतं. तो पीत राहिला. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही, आणि तिनंही दांडा थांबवला नाही.